आभासी नळी : वेगवान पॅकेट-प्रक्रियेतील द्वारांची जोडणी

संगणकांच्या जाळ्यातून जाणारा मजकूर सलग प्रवाहाच्या रूपाने जात नाही. त्याचे लहान लहान तुकडे करून, प्रत्येक तुकड्यावर पाठविणाऱ्याचा व घेणाऱ्याचा पत्ता लिहून, ते स्वतंत्रपणे रवाना केले जातात. या तुकड्यांस पॅकेट असे म्हणतात. १९६४ मध्ये अमेरिकेतील रँड संस्थेचे पॉल बॅरन यांनी या पद्धतीची सविस्तर मांडणी प्रसिद्ध केली. ब्रिटनच्या नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीतील डोनाल्ड डेव्हिस यांनी त्याच सुमारास स्वतंत्रपणे तीच कल्पना काढली आणि 'पॅकेट' हे नावही त्यांनीच रूढ केले. १९६९ मध्ये आर्पानेट या जाळ्याच्या रूपाने ही पद्धत प्रत्यक्षात उतरली.

पॅकेट योग्य दिशेस वळविणे हे राउटर नामक यंत्राचे काम होय. हे काम अतिवेगाने करावयाचे तर त्यासाठी खास घडविलेली विद्युन्मंडलेच हवीत, असा समज दीर्घकाळ होता. आता सामान्य संगणकाच्या प्रोसेसरवर चालणारी आज्ञावलीही हे काम मोठ्या वेगाने करू शकते. तथापि, यंत्र आज्ञावलीत उतरले की एक नवा प्रश्न उद्भवतो. दोन राउटर शेजारी शेजारी ठेवलेले असतील तर त्यांना तारेने जोडता येते. परंतु एकाच आज्ञावलीच्या पोटात दोन राउटर कल्पिले असतील तर त्यांना कशाने जोडावे? या प्रश्नाचे एक उत्तर म्हणजे 'आभासी नळी' होय. व्हेक्टर पॅकेट प्रोसेसिंग, संक्षेपाने व्हीपीपी, या आज्ञावलीत अशा नळीची सोय आहे. तिची रचना, तिचा उपयोग आणि तिच्यासाठी मोजावी लागणारी किंमत यांचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. या नळीतून वस्तुतः काहीच वाहत नाही, ही गोष्ट आरंभीच ध्यानात घेतली असता पुढील विवेचन सुगम होईल.

१. वेळेचा हिशेब

वेगाची कल्पना नेमकी येण्यासाठी थोडे गणित करणे अवश्य आहे. इथरनेट पद्धतीत सर्वांत लहान पॅकेट ६४ बाइटांचे असते. त्याच्या आधी ८ बाइटांची पूर्वसूचना असते व दोन पॅकेटांमध्ये १२ बाइटांइतके अंतर सोडावे लागते. म्हणजे तारेवर एका पॅकेटास ८४ बाइटांची, अर्थात ६७२ बिटांची जागा लागते. सेकंदास १० अब्ज बिट वाहणाऱ्या तारेवर हे पॅकेट ६७.२ नॅनोसेकंदांत येऊन जाते. सेकंदास सुमारे १ कोटी ४८ लक्ष ८० हजार पॅकेटे येऊ शकतात, असा याचा अर्थ होतो. ६७.२ नॅनोसेकंद हा काळ इतका अल्प आहे की, तेवढ्यात काचतंतूतील प्रकाशही १३-१४ मीटरच पुढे सरकतो.

सेकंदास ३ अब्ज चक्रे करणाऱ्या प्रोसेसरास एवढ्या अवधीत सुमारे २०१ चक्रे मिळतात. पॅकेट उचलणे, त्याचे शीर्ष तपासणे, मार्ग-कोष्टकात पत्ता शोधणे, नवे शीर्ष लिहिणे आणि ते बाहेर सोडणे हे सारे या २०१ चक्रांत बसवावयाचे असते. यात मोठी अडचण मुख्य स्मृतीची आहे. प्रोसेसरास हवी असलेली माहिती त्याच्या जवळच्या कॅश नावाच्या शीघ्रस्मृतीत नसली व ती मुख्य स्मृतीतून आणावी लागली, तर तेवढ्या एका खेपेतच जवळजवळ सारा अवधी खर्च होऊन जातो. तेव्हा अशा आज्ञावलीची सारी धडपड ही मुख्य स्मृतीकडे होणाऱ्या खेपा टाळण्याची धडपड असते, असे म्हणावयास हरकत नाही.

२. जुडीची पद्धत

व्हीपीपीचा उगम सिस्को कंपनीत झाला. २०१६ मध्ये ही आज्ञावली लिनक्स फाउंडेशनच्या आश्रयाखालील एफडी डॉट आयओ या प्रकल्पातून सर्वांस खुली करण्यात आली. तिची मूळ कल्पना तिच्या नावातच आहे. येथे 'व्हेक्टर' म्हणजे पॅकेटांची जुडी.

जुन्या पद्धतीत एक पॅकेट घ्यावयाचे, त्यावरील सर्व संस्कार आरंभापासून शेवटपर्यंत करावयाचे आणि मग दुसऱ्या पॅकेटास हात घालावयाचा असा क्रम असे. या क्रमात प्रत्येक पॅकेटासाठी सर्व संस्कारांच्या आज्ञा एकामागून एक प्रोसेसरसमोर आणाव्या लागतात. आज्ञांसाठी राखलेली अगदी जवळची शीघ्रस्मृती अनेक प्रोसेसरांत अवघी ३२ किलोबाइटांची असते. तीत सर्व संस्कारांच्या आज्ञा एकदम मावत नाहीत. एक आली की दुसरी बाहेर पडते आणि पुढील पॅकेटाच्या वेळी तीच पुन्हा आणावी लागते.

व्हीपीपीत हा क्रम उलटविला आहे. आलेल्या पॅकेटांची जास्तीत जास्त २५६ पॅकेटांची एक जुडी बांधली जाते. संपूर्ण काम लहान लहान टप्प्यांत विभागलेले असून प्रत्येक टप्प्यास नोड असे नाव आहे. एक नोड इथरनेटचे शीर्ष वाचतो, दुसरा आयपी शीर्षाची तपासणी करतो, तिसरा मार्ग शोधतो, चौथा नवे शीर्ष लिहितो. संपूर्ण जुडीवर पहिल्या टप्प्याचे काम उरकले की ती दुसऱ्या टप्प्याकडे सरकते. घरी पापड करावयाचे झाल्यास एक लाटी करून, ती लाटून, तो पापड उन्हात टाकून मग दुसऱ्या लाटीस कोणी प्रारंभ करीत नाही. आधी सर्व लाट्या होतात, मग लाटणे होते, मग वाळवण. तद्वत् येथेही प्रत्येक नोडच्या आज्ञा एकदाच आणल्या जातात. आणण्याचा खर्च जुडीतील पहिल्या पॅकेटावर पडतो व उरलेल्यांना त्याचा लाभ मिळतो. जुडी जितकी मोठी तितका प्रत्येक पॅकेटावरील सरासरी खर्च कमी, हे यावरून उघड आहे.

येथे एक गोष्ट विशेष लक्षात ठेवावयाची आहे. पॅकेट एका नोडकडून दुसऱ्याकडे 'जाते' असे म्हणण्याचा प्रघात असला, तरी पॅकेटाचे बाइट स्मृतीतील आपली जागा सोडीत नाहीत. एका नोडकडून दुसऱ्याकडे जातो तो केवळ त्या जागेचा क्रमांक. कचेरीतील जड बस्ता कपाटातच राहावा आणि टेबलावरून टेबलावर फक्त त्याच्या क्रमांकाची चिठ्ठी फिरावी, असा हा प्रकार आहे.

३. द्वार आणि त्याची नोंद

राउटरला ज्या ज्या ठिकाणी तार जोडता येते त्या त्या ठिकाणास इंटरफेस म्हणतात. येथे त्यास 'द्वार' असे म्हणू. प्रत्यक्ष यंत्रात द्वार ही धातूची, हाताने चाचपता येणारी वस्तू असते. आज्ञावलीच्या दृष्टीने मात्र द्वार म्हणजे एक क्रमांक आणि त्या क्रमांकाशी निगडित असलेले नियम, एवढेच होय.

प्रत्येक पॅकेटाबरोबर स्मृतीत एक छोटी टिपणवही असते. तीत दोन नोंदी महत्त्वाच्या असतात : पॅकेट कोणत्या द्वारातून आत आले आणि कोणत्या द्वारातून ते बाहेर जावयाचे आहे. कचेरीच्या परिभाषेत बोलावयाचे तर पहिली आवक नोंद व दुसरी जावक नोंद. पॅकेटाचे भवितव्य फार मोठ्या प्रमाणात आवक नोंदीवर ठरते. कोणते मार्ग-कोष्टक पाहावयाचे, कोणते प्रवेश-निर्बंध लावावयाचे, पत्त्यांचे रूपांतर करावयाचे की नाही, कोणत्या खात्यावर मोजणी करावयाची, हे सारे पॅकेट कोणत्या द्वाराने आले त्यावरून निश्चित होते.

एकाच राउटरमध्ये एकाहून अधिक मार्ग-कोष्टके ठेवण्याची पद्धत रूढ आहे. प्रत्येक द्वार एकेका कोष्टकाशी बांधलेले असते. त्यामुळे एकाच यंत्रात परस्परांस न ओळखणारे अनेक राउटर नांदत आहेत, असा परिणाम साधतो. त्याचप्रमाणे इथरनेटच्या पातळीवर काही द्वारांचा एक गट करून त्यांच्यात पॅकेटांची देवघेव होऊ देता येते. अशा गटास 'सेतुक्षेत्र' म्हणता येईल. एका सेतुक्षेत्रातील पॅकेट आपणहून दुसऱ्या सेतुक्षेत्रात जात नाही. हे विभाग पाडले जातात ते मुद्दाम, आणि बहुधा सुरक्षिततेसाठी. परंतु विभाग पाडल्यावर त्यांच्यात काही नियंत्रित व्यवहार व्हावा अशी गरजही लवकरच निर्माण होते. नळीचे प्रयोजन येथे सुरू होते.

४. नळीची रचना

आभासी नळी म्हणजे परस्परांशी कायमची जोडलेली दोन द्वारे. व्हीपीपीत नळी निर्माण केली असता तीन नावे अस्तित्वात येतात : एक स्वतः नळीचे व दोन तिच्या टोकांचे. टोकांना पूर्व आणि पश्चिम असे संबोधण्याची प्रथा आहे. महत्त्वाची गोष्ट ही की, प्रत्येक टोक हे पूर्ण दर्जाचे द्वार असते. प्रत्यक्ष तारेच्या द्वारावर जे जे नियम टांगता येतात ते ते सर्व नळीच्या टोकावरही टांगता येतात. त्यास पत्ता देता येतो, मार्ग-कोष्टकाशी बांधता येते, सेतुक्षेत्रात घालता येते, उघडता व बंद करता येते. दोन्ही टोकांची मोजणी स्वतंत्र राहते.

पूर्व टोकातून पॅकेट बाहेर सोडले असता ते पश्चिम टोकातून आत आले असे मानले जाते, आणि पश्चिमेकडून सोडलेले पूर्वेकडून आत आले असे मानले जाते. 'मानले जाते' हे शब्द येथे अक्षरशः घ्यावयाचे आहेत. बाहेर सोडण्याचे काम करणारा नोड पॅकेटाच्या टिपणवहीतील आवक नोंद बदलून तेथे दुसऱ्या टोकाचा क्रमांक लिहितो, मोजणी वाढवितो आणि पॅकेट नव्याने आत आलेल्या पॅकेटांच्या वाटेवर ठेवतो. पॅकेटाच्या बाइटांची नक्कल होत नाही, ते स्मृतीतील जागा बदलत नाहीत, एका प्रोसेसरकडून दुसऱ्याकडे जात नाहीत. एकाच इमारतीतील दोन खात्यांपैकी एकाच्या जावक वहीत व दुसऱ्याच्या आवक वहीत कारकुनाने नोंद करावी आणि बस्ता मात्र कपाटातून हलूही नये, त्यातला हा प्रकार होय.

प्रत्यक्ष द्वारापाशी एक नोड सतत डोकावून नवे पॅकेट आले काय हे पाहत असतो. नळीच्या टोकापाशी असा कोणी पहारेकरी नसतो व त्याची गरजही नसते. कारण एका टोकाची जावक हीच दुसऱ्या टोकाची आवक असते. शिवाय जुडी फुटत नाही. नळीकडे जाणारी पॅकेटे जुडीनेच येतात व जुडीनेच पुढे जातात. त्यामुळे दुसऱ्या टप्प्यातील खर्चाची वाटणीही पूर्वीसारखीच होते.

५. जुनी नळी आणि नवी नळी

संगणकशास्त्रात 'नळी' हा शब्द नवा नाही. बेल लॅबोरेटरीतील डग्लस मॅकिलरॉय यांनी १९६४ मध्येच निरनिराळ्या आज्ञावली बागेतील पाण्याच्या नळीच्या तुकड्यांप्रमाणे एकमेकींस जोडता याव्यात अशी सूचना केली होती. १९७३ मध्ये केन टॉम्प्सन यांनी युनिक्समध्ये ती अमलात आणली. व्हीपीपीतील नळीचे नाव या युनिक्स नळीच्या नावासारखेच आहे. तथापि, या नामसाम्यामुळे गैरसमज होण्याचा संभव असल्याने दोहोंतील भेद सांगणे अवश्य आहे.

युनिक्सची नळी मुळात एकदिश आहे, नवी नळी द्विदिश आहे. युनिक्सच्या नळीतून बाइटांचा सलग प्रवाह जातो आणि एका लेखनाची सीमा वाचणाऱ्यास दिसत नाही. नव्या नळीतून अखंड पॅकेटच जाते. परंतु खरा भेद साठवणीचा आहे. युनिक्सच्या नळीस पोट आहे. लिहिणारा पुढे आणि वाचणारा मागे राहिला तर मधला मजकूर त्या पोटात साठतो, आणि पोट भरले की लिहिणाऱ्यास थांबावे लागते. आभासी नळीस पोट नाही. तीत काही साठत नाही, म्हणून ती कधी तुंबतही नाही.

ही गोष्ट प्रथमदर्शनी केवळ गुण वाटते. पण तिची दुसरी बाजूही आहे. नळीपलीकडील काम जड झाले तर अलीकडच्यास थांबा असे सांगणारी यंत्रणा येथे नाही. प्रोसेसरची सारी फेरीच लांबते, प्रत्यक्ष द्वारापाशी डोकावण्यास त्यास उशीर होतो आणि तेथील मर्यादित रांग भरून नवी पॅकेटे गळू लागतात. कारण नळीपलीकडे, पण गळती पहिल्या दारात, अशी ही स्थिती असते. केवळ गळतीच्या जागेवरून दोषाचे स्थान शोधू पाहणारा येथे हमखास फसतो.

लिनक्सच्या गाभ्यातही २००८ पासून अशीच द्वारांची जोडी उपलब्ध आहे. मात्र ती प्रामुख्याने गाभ्याने पाडलेल्या स्वतंत्र नामक्षेत्रांना जोडण्यासाठी आहे व तिचा मार्ग गाभ्यातील रांगांमधून जातो. दोन वेगळ्या आज्ञावलींना जोडावयाचे असेल तर व्हीपीपीत सामायिक स्मृतीवर आधारलेले निराळे साधन आहे. त्यात सामान्यतः पॅकेटाची एक नक्कल करावी लागते. नळी ही केवळ एकाच आज्ञावलीच्या आतील जोडणीसाठी आहे, आणि तिची स्वस्ताई याच मर्यादेतून आलेली आहे.

६. एक उदाहरण

एका इमारतीत 'अ' व 'ब' या दोन संस्था आहेत व दोघींसाठी एकच राउटर आहे, असे समजा. दोघींनीही आपापल्या संगणकांस १९२.१६८.१ याने आरंभ होणारे खाजगी पत्ते दिलेले आहेत. तेव्हा १९२.१६८.१.५ हा पत्ता दोन्हीकडे असू शकतो व तो दोन भिन्न संगणकांचा असतो. दोघींची कोष्टके अर्थातच वेगळी ठेवावी लागतात. बाहेरच्या जगाकडे जाणारी तार मात्र एकच असून ती 'सामायिक' नावाच्या तिसऱ्या कोष्टकाशी बांधलेली आहे.

आता 'अ' व सामायिक यांच्यात एक नळी आणि 'ब' व सामायिक यांच्यात दुसरी नळी टाकावी. पहिल्या नळीच्या 'अ'कडील टोकावर असा नियम टांगावा की, येथून बाहेर जाणाऱ्या प्रत्येक पॅकेटाचा मूळ पत्ता बदलून २०३.०.११३.१० करावा. दुसऱ्या नळीवर त्याच जागी २०३.०.११३.२० हा पत्ता योजावा.

'अ' संस्थेतील १९२.१६८.१.५ या संगणकाने बाहेरील १९८.५१.१००.७ या पत्त्याकडे पॅकेट पाठविले. ते 'अ'च्या द्वाराने आले म्हणून 'अ'चे कोष्टक पाहिले जाते. कोष्टक सांगते की, बाहेरचे सर्व पत्ते नळीच्या वाटेने. टोकातून बाहेर पडताना मूळ पत्ता २०३.०.११३.१० होतो. मग आवक नोंद बदलते व पॅकेट सामायिक बाजूच्या टोकातून आत आले असे ठरते. म्हणून आता सामायिक कोष्टक पाहिले जाते आणि पॅकेट खऱ्या तारेवर जाते. उत्तर येते ते २०३.०.११३.१० या पत्त्यावर. सामायिक कोष्टकात हा पत्ता पहिल्या नळीकडे दाखविलेला असतो. नळी ओलांडताच आवक नोंद 'अ'कडील टोकाची होते, पत्ता परत १९२.१६८.१.५ होतो, 'अ'चे कोष्टक पाहिले जाते व उत्तर योग्य संगणकास पोचते. सामायिक कोष्टकास १९२.१६८.१.५ हा पत्ता कधी दिसतच नाही. म्हणून दोन संस्थांचे समान पत्ते एकमेकांवर आदळत नाहीत.

या व्यवस्थेत नळीने नेमके काय केले, हे पाहण्यासारखे आहे. तिने पॅकेट वाहून नेले नाही. ते तर जागचे हललेच नाही. तिने नियम टांगण्यास जागा दिली. दोन विभागांच्या मध्ये जेथे काहीच नव्हते तेथे दार निर्माण केले. दार असले की त्यास कडी लावता येते, तेथे मोजणी करता येते, तपासणी बसविता येते. 'ब' संस्थेचा व्यवहार तात्पुरता थांबवावयाचा झाल्यास दुसऱ्या नळीचे एक टोक बंद करणे पुरेसे होते. बाकीच्या मांडणीस हात लावावा लागत नाही.

७. किंमत

नळी नक्कल करीत नाही म्हणून ती फुकट आहे, असा समज होणे स्वाभाविक आहे. पण तो खरा नाही. नळी ओलांडण्याचा खर्च अल्प असतो हे खरे. परंतु नळी ओलांडल्यानंतर पॅकेट 'नवे' ठरते आणि नव्या पॅकेटावरील सर्व संस्कार त्यावर पुन्हा करावे लागतात. शीर्ष पुन्हा वाचावे लागते, मार्ग पुन्हा शोधावा लागतो, शीर्ष पुन्हा लिहावे लागते.

केवळ समजुतीसाठी काही आकडे कल्पू. एका मार्गशोधाच्या संपूर्ण फेरीस १२० चक्रे लागतात असे धरावे. नळी नसताना हे काम २०१ चक्रांत सहज बसते. नळी घातल्यावर दोन फेऱ्यांची २४० चक्रे होतात. नळीचा स्वतःचा खर्च शून्य मानला तरीही. सेकंदास ३ अब्ज चक्रे करणारा प्रोसेसर आता १ कोटी २५ लक्ष पॅकेटेच हाताळू शकेल, आणि लहान पॅकेटांनी पूर्ण भरलेली १० अब्ज बिटांची तार त्यास झेपणार नाही. दुसरा प्रोसेसर कामास लावावा लागेल. पॅकेटे मोठी असतील तर हाच भार सुसह्य होतो, हेही तितकेच खरे. १५०० बाइटांच्या मजकुराच्या पॅकेटास त्याच तारेवर १,२०० नॅनोसेकंदांहून अधिक अवधी मिळतो.

म्हणून नळी कोठे टाकू नये, हे जाणणेही महत्त्वाचे आहे. एका कोष्टकात पत्ता सापडला नाही तर दुसऱ्या कोष्टकात पाहावे एवढीच गरज असेल, तर त्यासाठी नळी नको. व्हीपीपीत मार्गाच्या नोंदीतच 'पुढील शोध अमुक कोष्टकात करावा' असे लिहिता येते. यात पॅकेट नवे ठरत नाही. फक्त शोधाचा एक टप्पा वाढतो. त्यास ३० चक्रे लागतात असे वरील हिशेबात धरल्यास एकूण १५० चक्रे होतात व काम २०१ च्या आत राहते. परंतु या मार्गाने पॅकेट कोणत्याही दारातून जात नाही. म्हणून तेथे निर्बंध लावता येत नाहीत, पत्ते बदलता येत नाहीत, स्वतंत्र मोजणी ठेवता येत नाही. सीमा हवी असेल तर नळी घ्यावी, नुसती वाट हवी असेल तर कोष्टकातील नोंद पुरे. निवडीचे तत्त्व इतके सरळ आहे.

८. दोन धोके

पहिला धोका वलयाचा. समजा, दोन सेतुक्षेत्रे एका नळीने जोडलेली आहेत व अनवधानाने त्यांच्यात दुसरीही नळी टाकली गेली. सर्वांस उद्देशून पाठविलेले पॅकेट पहिल्या नळीने जाईल, दुसरीने परत येईल व पुन्हा पहिलीने जाईल. आयपी शीर्षात उर्वरित आयुष्याचा एक आकडा असतो. प्रत्येक राउटर तो एकाने कमी करतो व शून्य होताच पॅकेट नष्ट होते. हा आकडा २५५ पेक्षा मोठा असू शकत नाही. म्हणून मार्गशोधाच्या पातळीवरील वलय केव्हातरी आपोआप थांबते. इथरनेटच्या शीर्षात असा आकडाच नाही. तेथील वलय आपण होऊन थांबत नाही.

खऱ्या तारांच्या जाळ्यात असे वलय झाले तर दिवे लुकलुकताना डोळ्यांस दिसतात, तारेच्या वेगाची मर्यादा असते आणि शेवटी तार उपसून काढता येते. आभासी नळीच्या वलयात यांपैकी काहीच नाही. उलट, हाती आलेली जुडी पूर्णपणे मार्गी लागेपर्यंत आज्ञावली नव्या पॅकेटांकडे वळत नसल्याने, कधीच न संपणारी जुडी त्या प्रोसेसरास संपूर्ण जखडून टाकू शकते. यास्तव सेतुक्षेत्रातील द्वारांचे असे गट पाडावेत की, एका गटातील द्वाराने आलेले पॅकेट त्याच गटातील दुसऱ्या द्वाराने बाहेर पडू नये. व्हीपीपीत याची सोय आहे. मांडणी करण्यापूर्वी सर्व नळ्यांचा नकाशा कागदावर काढणे ही जुनीच खबरदारी येथे अधिक उपयुक्त ठरते. कारण येथे तो नकाशा सोडल्यास डोळ्यांस दिसणारे दुसरे काहीच नसते.

दुसरा धोका समजुतीचा आहे. नळीने जोडलेले दोन विभाग परस्परांपासून अलग आहेत असे म्हटले जाते. ते खरे आहे, पण नियमांच्या दृष्टीने. पॅकेटाने कोणते कोष्टक पाहावे याबाबत ते अलग आहेत. परंतु दोन्ही विभाग एकाच आज्ञावलीत, एकाच स्मृतीत व बहुधा एकाच प्रोसेसरवर नांदत असतात. आज्ञावलीतील एखाद्या दोषाने ती कोसळली तर दोन्ही विभाग एकदम कोसळतात. 'अ'कडून पॅकेटांचा पूर आला तर 'ब'च्या वाट्याचीही चक्रे खर्च होतात. नळी हे दार आहे, भिंत नव्हे. ज्यांच्यामध्ये खरोखरीच भिंत हवी त्यांच्यासाठी स्वतंत्र आज्ञावली, किंबहुना स्वतंत्र यंत्रच हवे, आणि मग जोडणीही अधिक खर्चाच्या साधनाने करावी लागते.

समारोप

वरील विवेचनाचे सार थोडक्यात असे सांगता येईल. वेगवान पॅकेट-प्रक्रियेत पॅकेट हलवीत नाहीत, त्याच्याविषयीच्या नोंदी हलवितात. आभासी नळी ही अशीच एक नोंद आहे : एका द्वाराची जावक हीच दुसऱ्याची आवक. या एका नोंदीच्या बळावर एकाच आज्ञावलीत अनेक राउटर मांडता येतात, त्यांच्यात नियंत्रित व्यवहार घडविता येतो आणि प्रत्येक सीमेवर पहारा बसविता येतो. याचा मोबदला म्हणून पॅकेटास प्रत्येक सीमेवर नव्याने जन्म घ्यावा लागतो आणि त्या जन्माचा खर्च ६७.२ नॅनोसेकंदांच्या तुटपुंज्या अंदाजपत्रकातूनच भागवावा लागतो. तेव्हा मांडणी करणाऱ्याने प्रत्येक नळीपाशी एकच प्रश्न विचारावा : येथे दार हवे आहे, की नुसती वाट? या प्रश्नाचे उत्तर ज्या मांडणीत प्रत्येक ठिकाणी देता येते, ती मांडणी वेगाच्या व सुरक्षिततेच्या अशा दोन्ही कसोट्यांस उतरण्याचा संभव अधिक.